पियानो गरगरतोय! एकाच कीबोर्डमधून ऑर्गन आणि पियानो वेगळे काढताना होणारी गळती

"ताई, तुमचा पियानो गरगरतोय!"

गेल्या गणेशोत्सवात पंचवटीतल्या एका मंडळाच्या मांडवात आमचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम रंगात आला होता. दुसऱ्या कडव्याआधी चार आवर्तनं फक्त पियानो होता. गायिका डोळे मिटून उभी होती, ढोलकी थांबलेली होती, आणि मी वाजवत असलेला पियानो स्पीकरमधून मात्र चालू पंख्यासमोर कुणी बोलावं तसा थरथरत बाहेर पडत होता. साउंडवाले काका मिक्सरमागून हात हलवत होते. मी डाव्या हाताने सूर धरून ठेवला आणि उजव्या हाताने कीबोर्डच्या मागची केबलची पिन दाबली. खट्ट असा आवाज झाला आणि पियानो सरळ झाला.

हे वर्षभरात तिसऱ्यांदा घडलं होतं. आधी गंगापूर रोडवरच्या एका लग्नाच्या संगीतात, मग कालिदास कलामंदिरात, आणि आता इथे. प्रत्येक वेळी पिन हलवली की दुखणं गायब व्हायचं, म्हणून प्रत्येक वेळी मी "केबल सैल झाली असेल" म्हणून सोडून दिलं होतं. मांडवातून घरी आल्यावर ठरवलं, की याचा छडा लावल्याशिवाय पुढची सुपारी घ्यायची नाही. त्या चार दिवसांत जे सापडलं ते सगळं इथे लिहिते आहे. नाशिकमध्ये ऑर्केस्ट्रात, भजनात, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या किमान पाच-सहा जणांनी मला हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला आहे.

आधी माझी जोडणी

माझ्या कीबोर्डला मागे दोनच आउटपुट आहेत, डावं आणि उजवं. सेटिंगमध्ये ऑर्गन पूर्ण डावीकडे आणि पियानो पूर्ण उजवीकडे पाठवता येतो. डावीकडची केबल रोटरी पेडलमध्ये (आवाज फिरल्यासारखा करणारं यंत्र) जाते, तिथून डीआय बॉक्समध्ये (कीबोर्डचा आवाज लांबच्या मिक्सरला जुळेल असा करणारी डबी) आणि तिथून मिक्सरच्या एका चॅनेलवर. उजवीकडची केबल सरळ दुसऱ्या डीआयमध्ये आणि दुसऱ्या चॅनेलवर. कीबोर्डच्या आतलं रोटरी बंद ठेवते, कारण बाहेर पेडल आहे. दोन्ही चालू राहिले तर आवाज डबल फिरतो आणि सुरांचा चिखल होतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असं आमच्याच ग्रुपमधल्या गिटारवाल्या दादाने विचारलं होतं. हॅमंड ऑर्गन १९३५ साली बाजारात आला, आणि त्याच्या पाठोपाठ १९४० च्या सुमारास डॉन लेस्ली यांचा फिरता स्पीकर आला. त्या लाकडी पेटीत सुमारे ८०० हर्ट्झच्या वरचा आवाज एका फिरत्या भोंग्यातून निघतो आणि खालचा आवाज एका फिरत्या ड्रममधून. भोंगा आणि ड्रम एकमेकांच्या उलट दिशेने फिरतात. वेग वाढवला की हलका भोंगा मिनिटाला सुमारे ४०० फेऱ्यांपर्यंत चटकन पोचतो, जड ड्रमला मात्र वेग पकडायला वेळ लागतो. गाण्याचा मुखडा परत येताना ऑर्गन हळूहळू उसळी घेतो असं आपल्याला वाटतं, ते या वेग पकडण्यामुळे. रोटरी पेडल याचीच नक्कल करतं. हा परिणाम ऑर्गनला हवाच असतो. पियानोच्या बाबतीत उलट आहे. हातोडीचा ठोका आणि त्यामागून विरत जाणारी तार यातच पियानोची सगळी गंमत असते, ती पेडलमधून गेली की ठोक्याची धार जाते. शिवाय साउंडवाल्याला ऑर्गन थोडा मागे आणि पियानो थोडा पुढे ठेवायचा असेल, तर एका वायरमध्ये दोन्ही आलेले असताना तो काहीही करू शकत नाही.

गळतीचा आवाज नीट ऐका

माझी पहिली चूक ही, की मी थेट केबल बदलायला घेतल्या. एकेक करून चार केबल बदलल्या, त्यातल्या दोन नव्या कोऱ्या होत्या, आणि तरीही तिसऱ्या दिवशी गळती, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या वाटेत शिरणं, परत आली. शेवटी शांतपणे बसून पियानो ऑर्गनच्या चॅनेलवर नेमका कसा येतो आहे ते ऐकलं. निम्मा उलगडा तिथेच झाला.

गळती बारीक असेल, लांबून आल्यासारखी आणि ओलसर वाटत असेल, म्हणजे पियानोचा ठोका येत नाही पण त्याची शेपटी येते, तर तो जवळजवळ नक्की रिव्हर्बचा, म्हणजे हॉलमध्ये घुमल्याचा भास देणाऱ्या परिणामाचा, उद्योग असतो. बहुतेक कीबोर्डमध्ये ऑर्गन आणि पियानो वेगळे असले तरी शेवटचं रिव्हर्ब दोघांना मिळून एकच असतं, आणि ते स्टीरिओ असतं. पियानो उजवीकडे पाठवला तरी त्याचं रिव्हर्ब दोन्हीकडे पसरतं. स्टीरिओ डिले (प्रतिध्वनी) आणि स्टीरिओ कोरस (आवाज दाट करणारा परिणाम) हेही असंच करतात. यावर उपाय एकच: कीबोर्डमधलं रिव्हर्ब बंद करायचं आणि ते मिक्सरवर मागायचं. काका आनंदाने देतात, कारण हॉल कसा घुमतो आहे ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

गळती काही गाण्यांतच होत असेल आणि त्या गाण्यांत दर वेळी हमखास होत असेल, तर दोष वायरीत नसतो, प्रोग्राममध्ये, म्हणजे त्या गाण्यासाठी कीबोर्डमध्ये साठवलेल्या सेटिंगमध्ये असतो. काही कीबोर्ड आउटपुटची वाटणी एकदाच, सगळ्या यंत्रासाठी लक्षात ठेवतात, तर काही ती प्रत्येक प्रोग्रामबरोबर साठवतात. दुसऱ्या प्रकारात गेल्या वर्षी साठवलेला प्रोग्राम गेल्या वर्षीचीच वाटणी घेऊन येतो. तुम्ही सेटिंग आज बदललेलं असतं, पण ते आत्ता समोर असलेल्या प्रोग्रामपुरतंच. मग प्रत्येक प्रोग्राम उघडून, वाटणी तपासून, परत सेव्ह करण्यावाचून गत्यंतर नाही. माझे ३२ प्रोग्राम होते, एक संध्याकाळ गेली.

आणि गळती पूर्ण आवाजात, कोरडी, ठोक्यासकट, जणू पियानो दोन्हीकडे सारखाच वाजतो आहे अशी असेल, आणि ती कधी असते कधी नसते, तर कुठेतरी दोन वाटा धातूने धातूला चिकटल्या आहेत असं समजा. माझी गळती ही होती.

हेडफोनने निम्मं घर झाडून घ्या

दोष शोधताना मी आता एकच पद्धत वापरते: साखळीच्या मधोमध तोडायचं आणि दोष कोणत्या बाजूला राहिला ते बघायचं. दोन आउटपुटच्या कीबोर्डवर हे मधलं ठिकाण म्हणजे हेडफोन.

मागच्या दोन्ही केबल काढा, हेडफोन लावा, ऑर्गन आणि पियानो वेगवेगळ्या हाताने वाजवा. डाव्या कानात फक्त ऑर्गन आणि उजव्या कानात फक्त पियानो यायला हवा. एक कान झाकून ऐका, म्हणजे मन फसवत नाही. इथेच मिसळ ऐकू आली तर दोष सेटिंगमध्ये आहे: पॅन (आवाज डावीकडे-उजवीकडे किती जातो ते), रिव्हर्ब, किंवा चुकून मोनो (दोन्ही बाजू एकत्र) केलेलं आउटपुट. हेडफोनमध्ये दोन्ही स्वच्छ आले तर कीबोर्डच्या आतलं काम बरोबर चाललं आहे, आणि दोष मागच्या जॅकपासून मिक्सरपर्यंत कुठेतरी आहे.

माझ्या हेडफोनमध्ये आवाज आरशासारखा स्वच्छ होता. मग पेडल आणि डीआय बाजूला ठेवून डावं-उजवं सरळ घरच्या छोट्या मिक्सरच्या दोन मोनो चॅनेलवर लावलं. उजवी पिन पूर्ण आत असताना सगळं ठीक. पण उजव्या केबलचं वजन खाली लोंबकळू दिलं आणि टेबलाला हलका धक्का दिला, की पियानो डावीकडेही वाजायला लागला. ऑर्गनही उजवीकडे आला. दोन्ही एकमेकांत.

जॅकच्या आत काय असतं

आपल्या बहुतेक कीबोर्डच्या डाव्या आउटपुटवर डावं आणि मोनो असं दोन्ही लिहिलेलं असतं. याचा अर्थ, तुम्ही फक्त डावी केबल लावली तर दोन्ही बाजूंचा आवाज मिळून डावीकडून येतो. एका स्पीकरवर सराव करणाऱ्यासाठी ही सोय फार चांगली आहे. पण आत हे कसं होतं ते बघितलं की आपली अडचण लगेच कळते.

६.३५ मिलिमीटरच्या जॅकच्या पोटात पितळेची एक लवचीक पट्टी असते, पिनच्या टोकाला जाऊन टेकणारी. तिला चिकटून दुसरी एक पट्टी असते. उजव्या जॅकमध्ये पिन नसते तेव्हा या दोन पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतात आणि उजवा आवाज डाव्याला जाऊन मिळतो. पिन आत शिरली की ती पहिल्या पट्टीला ढकलून दुसरीपासून दूर करते आणि दोन्ही वाटा वेगळ्या होतात. काही कीबोर्डमध्ये ही जोड-तोड प्रोसेसर करतो, पण पिन आत आहे की नाही हे त्यालाही अशाच एखाद्या पट्टीवरून कळतं.

म्हणजे आपण डावीकडे ऑर्गन आणि उजवीकडे पियानो ही जी वाटणी करतो, ती शेवटी त्या दोन पट्ट्यांमधल्या मिलिमीटरभर फटीवर अवलंबून असते. पिन दोन मिलिमीटर मागे सरकली तरी आवाज येत राहतो, त्यामुळे पिन सुटली आहे असं कुणालाच वाटत नाही. पण पट्ट्या परत टेकतात आणि पियानो ऑर्गनच्या वाटेने पेडलमध्ये शिरतो.

माझ्या कीबोर्डच्या उजव्या जॅकची बाहेरची नट बोटाने फिरत होती. सैल नटमुळे जॅक पॅनेलच्या आत किंचित खचलेला होता, त्यामुळे पिन पूर्ण दाबली तरी तिचं टोक जेमतेमच पोचत होतं. भद्रकालीत अँप्लिफायर दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे कीबोर्ड नेला. त्यांनी मागचं झाकण काढलं, टॉर्च धरली आणि म्हणाले, "ताई, इकडे बघा." पट्टीवर गुलालाची गुलाबी पूड बसली होती, तिच्या खाली हिरवट गंज. गणेशोत्सव भाद्रपदात, म्हणजे आपल्याकडे ऐन दमट हवेत. वर गुलाल, उदबत्तीचा धूर, मांडवाच्या ताडपत्रीतून गळणारं पाणी. सतत अर्धवट दाबून राहिल्याने ती पट्टी नरमही पडली होती. काकांनी नवा जॅक बसवला, सोल्डरचे जुने जोड साफ करून नवं सोल्डर केलं, आणि डाव्या जॅकलाही दोन ठिकाणी पुन्हा सोल्डर केलं. जॅक अगदी स्वस्त असतो. वेळ लागला तो खोलण्या-जोडण्यात.

तुमच्या यंत्राची वॉरंटी चालू असेल तर स्वतः खोलू नका. पण नट घट्ट करणं, बंद कीबोर्डच्या जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक बारीक फवारा मारून पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करणं, एवढं कुणीही करू शकतं. गंज सोडवायचं तेल मात्र मारू नका, ते चिकट थर सोडून जातं आणि पुढचा गुलाल त्यावर अधिकच बसतो. मी आता कीबोर्डच्या मागे वाकड्या, काटकोनी पिना वापरते आणि केबल स्टँडला एक वळसा देऊन बांधते, म्हणजे तिचं वजन जॅकवर येत नाही. या एका वळशाने माझ्या अर्ध्या अडचणी मिटल्या आहेत. स्वस्त केबलच्या पिनांची टोकं कधीकधी मापात नसतात आणि पट्टीला पुरेसं ढकलत नाहीत, त्यामुळे उजव्या जॅकसाठी मी चांगली केबल राखून ठेवली आहे आणि तिच्यावर लाल टेप लावली आहे.

दोनच आउटपुट असतील तर पियानो मोनो करा

ही गोष्ट अनेक जण विसरतात. कीबोर्डमधला चांगला पियानो स्टीरिओ असतो: दोन माइकने रेकॉर्ड केलेला, खर्जाचे सूर डावीकडे जास्त, वरचे उजवीकडे जास्त. तो पूर्ण उजवीकडे ढकलला तर काही कीबोर्ड दोन्ही बाजू एकत्र करून उजवीकडे देतात, पण काही कीबोर्ड डावी बाजू सरळ कापून टाकतात आणि फक्त उजवी देतात. मग खर्ज अशक्त होतो आणि आपण उगाच मिक्सरवर बास वाढवत बसतो. कोणता प्रकार आहे ते ओळखायला खालच्या सप्तकातला एक सा आणि वरच्या सप्तकातला एक सा सारख्या जोराने वाजवा, आधी पॅन मधे ठेवून आणि मग पूर्ण उजवीकडे. खालचा सूर पडला तर मोनो पियानोचा पॅच (आवाज) निवडा. बहुतेक यंत्रांत तो असतो, नावात मोनो लिहिलेलं असतं.

आपल्या मांडवांत आणि हॉलमध्ये साउंड बहुतेक वेळा मोनोच चालतो, त्यामुळे मोनो पियानोने श्रोत्यांचं काहीही बिघडत नाही. उलट दोन माइकचा स्टीरिओ पियानो मिक्सरवर मोनो झाला की काही सूर एकमेकांना खातात आणि पियानो डब्यातून आल्यासारखा वाटतो. मोनो पॅचमध्ये तो त्रास नाही.

चार आउटपुटवाल्यांसाठी थोडक्यात

आमच्या ग्रुपमधल्या दुसऱ्या कीबोर्डवाल्या दादाकडे चार आउटपुटचा स्टेज कीबोर्ड आहे. त्याला पियानो पहिल्या-दुसऱ्या जॅकवर स्टीरिओ आणि ऑर्गन तिसऱ्यावर मोनो पाठवता येतो. जोडणी म्हणून ही सगळ्यात उत्तम, आणि नवा कीबोर्ड घेणार असाल तर मी हाच गुण बघायला सांगेन. त्याच्या दोन तक्रारी होत्या. पहिली, तिसऱ्या जॅकवरून येणारा ऑर्गन अगदी कोरडा येतो. बऱ्याच यंत्रांत शेवटचं रिव्हर्ब मुख्य जोडीवरच असतं, त्यामुळे तो बिघाड नाही, ती रचनाच तशी आहे. दुसरी, हेडफोनमध्ये ऑर्गन नीट ऐकू येत होता पण मिक्सरवर काहीच नव्हतं. त्याने ऑर्गनची वाटणी तिसऱ्या-चौथ्याला केली होती, केबल मात्र दुसऱ्यात होती. चार जॅक शेजारी शेजारी, मांडवात अंधार. मागे पांढऱ्या टेपवर मोठ्या अक्षरात ऑर्गन आणि पियानो लिहून चिकटवा.

मिक्सरवर होणारे घोटाळे

सगळं बरोबर असूनही मिक्सरवर गळती होते, ती एका साध्या कारणाने: कीबोर्ड म्हटलं की साउंडवाला दोन्ही केबल एका स्टीरिओ चॅनेलमध्ये लावतो. त्या चॅनेलला फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) एकच. ऑर्गन कमी करायला गेला की पियानोही कमी होतो. त्यामुळे "मला दोन मोनो चॅनेल हवेत, एक ऑर्गनचा, एक पियानोचा" हे आधीच फोनवर सांगते, जागेवर पोचल्यावर सांगितलं की चॅनेल संपलेले असतात.

दुसरा घोटाळा केबलचा. डावं-उजवं वाचवायला काही जण हेडफोनच्या भोकातून एकच तीन पट्ट्यांची स्टीरिओ केबल काढून मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये लावतात. ते इनपुट टोकावरच्या आणि मधल्या पट्टीवरच्या आवाजातला फरक घेतं. म्हणजे ऑर्गन आणि पियानो दोन्ही एकाच चॅनेलवर येतात, त्यातला एक उलट्या फेजमध्ये (लहर उलटी होऊन), आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं नाहीसं होतं. हेडफोनमधूनच काढायचं असेल तर एक स्टीरिओ पिन आणि दोन मोनो पिना असलेली वाय केबल लागते. ती बाजारात सहज मिळते.

तिसरा घोटाळा डीआयचा. बॅटरी नसलेल्या अँक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (केबलमधूनच येणारी वीज) लागतो. दोन चॅनेलपैकी एकावर तो चालू करायचा राहिला, तर पियानो येतो आणि ऑर्गन नाही, किंवा उलट. पॅसिव्ह (विजेशिवाय चालणाऱ्या) डीआयला हा प्रश्नच नसतो, कीबोर्डचा आवाज मुळात दमदार असल्याने पॅसिव्ह पुरतो.

हम आली तर

दोन वाटा केल्या की हमचा, म्हणजे सतत येणाऱ्या घूं आवाजाचा, धोका वाढतो. कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत अर्थिंगच्या दोन वाटा तयार होतात, त्यात रोटरी पेडलचा अँडाप्टर दुसऱ्याच बोर्डवर लावलेला असतो, आणि त्या वळशात ५० हर्ट्झची घूं सुरू होते. जनरेटरवर चालणाऱ्या मांडवात ती हमखास येते. ऑर्गनची केबल काढून बघा. हम थांबली तर वळसा तिथेच आहे. डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (अर्थिंगची ती वाट तोडणारं) बटण आधी ऑर्गनच्या डीआयवर दाबा. कीबोर्ड, पेडल आणि ग्रुपची बाकी वाद्यं एकाच एक्स्टेंशन बोर्डवरून घ्या.

प्लगची तिसरी, जाड अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. ती काढून हम घालवणारे मी पाहिले आहेत, आणि ओल्या मांडवात, लोखंडी स्टँडला हात लावून, अनवाणी वाजवणारे आपलेच लोक असतात. हम सहन करता येईल.

पेडल आणि आवाजाची पातळी

बहुतेक रोटरी पेडलं गिटारच्या मापाने बनलेली असतात, कीबोर्डचा आवाज त्यापेक्षा बराच मोठा असतो. पेडलमधून आवाज फाटत असेल तर मास्टर व्हॉल्यूम कमी करू नका, कारण तो पियानोलाही खाली ओढतो. ऑर्गनच्या भागाचा स्वतंत्र व्हॉल्यूम कमी करा. मी मास्टर पाऊण भागावर ठेवून तिथे टेपचा तुकडा लावला आहे, कार्यक्रमात त्याला हात लावत नाही.

एक्स्प्रेशन पेडल ऑर्गनलाच द्या. पियानो बोटांच्या जोराने हळू-मोठा होतो, ऑर्गन पायाने. आणि सस्टेन पेडल ऑर्गनवर बंद करा. दोन्ही एकत्र वाजत असताना सस्टेन दाबलं तर पियानोच्या तारा विरतात, ऑर्गनचा सूर मात्र पाय काढेपर्यंत तसाच ओरडत राहतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की सूर अडकला.

"ऑर्गन" म्हणजे कोणता ऑर्गन?

कालिदास कलामंदिरातला तो दुसरा प्रसंग राहिला. तो नाट्यसंगीताचा कार्यक्रम होता. मी फोनवर "एक चॅनेल ऑर्गनचा, एक पियानोचा" असं सांगितलं होतं. तिथल्या साउंडवाल्या दादाने ऑर्गनसाठी दोन माइक, स्टँडसकट, मांडून ठेवले होते. त्याची काहीच चूक नव्हती. मराठी रंगभूमीवर ऑर्गन म्हणजे पायपेटी: पायाने भाता मारायचा, आत पितळी जिभा, गायकाच्या मागे सावलीसारखी चालणारी. गंधर्व नाटक मंडळीच्या काळापासून नाट्यपदांच्या साथीला ऑर्गन म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर तीच येते.

आता नाट्यपदाला मी कीबोर्डवर पायपेटीचा आवाज लावते, तेव्हा रोटरी पेडल बायपास करते, म्हणजे त्याचा परिणाम बंद ठेवते. फिरणारी पायपेटी ऐकवत नाही. भात्याचा दाब आवाजात जाणवतो तो एक्स्प्रेशन पेडलनेच, म्हणून ते पेडल तिथेही लागतंच. सिनेमाच्या गाण्याकडे वळलं की पेडल चालू. त्या दिवशी बायपासचं बटण दाबायचं मी विसरले नव्हते, पण उजवी पिन मागे सरकलेली असल्याने पुढच्या गाण्यातला पियानोच पेडलमधून गेला, आणि मी उगाच पेडलवर संशय घेत बसले. साउंडवाल्याला मी आता "कीबोर्डचा फिरता ऑर्गन" असं सांगते, आणि पायपेटी असेल तर "पायपेटीचा आवाज, कीबोर्डवरूनच". माइक मांडले जात नाहीत.

साउंड चेकला मी आता एवढंच करते. आधी फक्त डाव्या हाताने ऑर्गनचा एक सूर धरते आणि काकांना पियानोचा चॅनेल सोलो करायला, म्हणजे एकटा ऐकायला, सांगते. तिथे शांतता असायला हवी. मग पियानो वाजवते आणि ऑर्गनचा चॅनेल सोलो. तिथेही शांतता. मग पियानो वाजवत असतानाच उजव्या केबलला खालून हलका झटका देते. गेल्या शनिवारी सिडकोतल्या कार्यक्रमात तिन्ही वेळा शांतता होती, आणि काकांनी मिक्सरमागून अंगठा दाखवला.